आधी वासरू गेलं, मग ताप आला

१

सकाळी धारा काढायला गेलेली माणसं रिकाम्या चरव्या घेऊन धावत परत आली. लस संशोधन केंद्राच्या प्रयोगाच्या गोठ्यात गाई माना टाकून उभ्या होत्या. नाकं वाहत होती, डोळे लाल झाले होते, अंगं तव्यासारखी तापली होती. दावणीच्या टोकाची तांबडी आडवी झाली ती पुन्हा उठलीच नाही.

गाईला ताप येतो, नाक वाहतं, गाभण असेल तर ती गाभडते, असा तो विषाणूचा रोग. आणि नेमक्या याच रोगावरच्या नव्या लशीचा प्रयोग या गाईंवर चालला होता. दुसरा डोस देऊन आठवडा जेमतेम उलटला होता. ज्याची लस टोचली तोच रोग उरावर बसला, म्हणजे केंद्राचं चारचौघांत हसंच झालं.

दुपारपर्यंत गुन्हेगारही मिळाला. लस बनवणारा शास्त्रज्ञ जिवंत विषाणू हाताळून तेच गमबूट घालून गोठ्यात गेला होता. कुणीतरी विचारलं, आणि पठ्ठ्यानं कबूलही करून टाकलं. केंद्राच्या प्रमुख साहेबांनी त्याला तडकाफडकी घरी बसवलं आणि चौकशी समिती नेमली. समिती काय म्हणणार हे साहेबांच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी शास्त्रज्ञाची थोरली बहीण हातात पिशवी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. मेलेली जनावरं फाडून ती कशानं मेली हे सांगण्यात बाईची सारी नोकरी गेली होती. तिला सगळे कात्रीबाई म्हणत. हातातल्या कात्रीमुळे म्हणत असतील असं नवख्यांना वाटे. ज्यांनी तिची जीभ अनुभवली होती त्यांना खरं कारण माहीत होतं.

"वन्सं, हे सकाळपासून जेवले नाहीत," भावजय दारातच रडायला लागली.

धाकटा पलंगाच्या कडेला बसला होता. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. कात्रीबाईनं त्याला वाढवलं, शिकवलं, गुरांचा डॉक्टर केलं, पुढे विषाणूंच्या संशोधनात घातलं. गेल्या वर्षी त्याला मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा पहिल्या रांगेत बसून तिनं इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्या बाईनं कानावर हात ठेवले. आज तो तिच्याकडे मान वर करून बघत नव्हता.

"गमबूट बदलले नाहीस?"

"विसरलो, ताई. चूक झाली. माझ्यामुळेच झालं सगळं."

"गप. तुझ्या बुटाला एवढी अक्कल असती तर तुझ्याऐवजी त्यालाच शिकवला असता. हे कुणीतरी केलंय. आणि ज्यानं केलंय त्याला मी जिता सोडत नाही."

ती हे रागानं बोलली नाही, हिशेबी आवाजात बोलली. भावजयीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

२

साहेबांचं आणि धाकट्याचं बरं नव्हतं. पारितोषिक मिळाल्यापासून केंद्राचा पुढचा प्रमुख म्हणून धाकट्याचं नाव घेतलं जात होतं, आणि साहेबांचा जीव खुर्चीत अडकलेला. कात्रीबाईच्या मनानं तर येतानाच निकाल लावून टाकला होता.

"तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण. तुम्ही चौकशी करणं बरं दिसेल का?" साहेब म्हणाले.

"बरं दिसायचं वय गेलं माझं. तुमच्या समितीपुढे मला बोलायचंय. तोवर गोठा, शीतगृह आणि माणसं मला मोकळी करून द्या. लपवायचं नसेल तर अडवाल कशाला?"

साहेबांनी हात पसरले. "बघा ना. गुरांचा डॉक्टर म्हणून गेली कित्येक वर्षं मी स्वतः गाई तपासल्यात, आम्ही काही झोपलेलो नाही. लशीच्या बाटल्या तपासल्या, त्यांत जिवंत विषाणू नाही. चारा तपासला, पाणी तपासलं. नवीन जनावर आत आलेलं नाही. मग राहिलं कोण? बूट घालून आत गेलेला माणूस."

"आणि लस बाटल्यांत भरतं कोण?"

"तुमचे बंधू आणि त्यांच्या हाताखालच्या बाई. टोचतात गोठ्याचे डॉक्टर. बाटल्या ज्या शीतगृहात असतात त्याची किल्ली माझ्याकडे. झालं समाधान? आम्ही चौघंही चोर!"

साहेब हसले. कात्रीबाई हसली नाही. माणूस खुनशी आहे, पण उत्तरं न अडखळता देतोय, हे तिला खटकलं. तिला हाच चोर हवा होता.

ती उठली तसं साहेब सहज म्हणाले, "एका गाईचं वासरूही गेलं. तिलाच पहिला फटका बसला बिचारीला. बाकीच्या नंतर तापल्या."

कात्रीबाई दारात थबकली. "नंतर म्हणजे?"

३

गोठ्याचे डॉक्टर म्हणजे हाडाचा सरळ माणूस. रात्रंदिवस गाईंच्या मागे राबून डोळे खोल गेलेले. बाईला बघताच ते स्वतःहून बोलायला लागले.

"दुसरा डोस मीच टोचला. आपली बांडी गाय गाभण, तिचे दिवस भरत आले होते, पण ही लस मेलेल्या विषाणूची. गाभण गाईला चालते. डोस दिल्यावर तिसऱ्या दिवशी ती गाभडली. तेव्हा तिला ताप नव्हता, नाक कोरडं होतं. मला वाटलं घसरली असेल. दूधही त्याच सुमारास सगळ्यांचं आटलं. आणि मग तीन-चार दिवसांनी एका सकाळी सगळ्या एकदम तापल्या."

"एकदम? शेजारून शेजारी नाही?"

"नाही ना! या टोकाची आणि त्या टोकाची एकाच सकाळी. मधल्या दोन अजूनही ठणठणीत आहेत."

कात्रीबाईच्या कपाळावर आठी पडली. बाहेरून आलेला रोग पाहुण्यासारखा येतो. आधी एका घरी उतरतो, मग शेजारी जातो. आणि हा रोग गाभ पाडतो तो गाईला ताप येऊन गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी. इथे आधी वासरू गेलं आणि मग ताप आला. वरात आधी आणि नवरदेव मागाहून, असला हा प्रकार.

"वासरू पुरलं?"

"शीतगृहात ठेवलंय. तपासायला वेळच मिळाला नाही."

तिनं हातमोजे चढवले. कितीतरी दिवसांनी कात्री हातात आली होती, पण बोटं काही विसरली नव्हती. या विषाणूनं मेलेल्या वासराच्या यकृतावर मोहरीएवढे पांढरे ठिपके असतात, हे तिनं शेकडो वेळा पाहिलेलं. तिनं यकृत बाहेर काढलं, पाण्याखाली धरलं, उजेडाकडे फिरवलं. मग काप घेऊन पुन्हा पाहिलं.

यकृत स्वच्छ होतं. एक ठिपका नाही.

"डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "हे वासरू तुमच्या विषाणूनं मारलेलंच नाही."

४

प्रयोगशाळेत धाकट्याच्या हाताखाली काम करणारी बाई दिवसभर काचेच्या बाटल्यांत गाईच्या पेशी वाढवायची. म्हणून तिला सगळे काचवाली म्हणत. चाळिशीची, बोलायला कमी, केस घट्ट मागे बांधलेले. वनस्पतींच्या रसायनशास्त्रातून ती इकडे आली होती.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे माहीत होतं."

"विषाणू बाहेरून आला नसेल तर कुठून येईल?" कात्रीबाईनं आडवळण घेतलंच नाही.

"आतून. तो आतच असतो. गाय लहानपणी कधीतरी आजारी पडते, बरी होते, पण विषाणू जात नाही. गालामागच्या मज्जातंतूंच्या गाठीत जाऊन झोपतो. रक्ततपासणीत कळलं असतं, पण लस टोचली की रक्त तसंच दिसतं. जुना संसर्ग त्याखाली झाकून जातो."

"आणि त्याला उठवतं कोण?"

काचवालीनं समोरची बाटली बाजूला सरकवली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला.

"गाय स्वतःच. विषाणूकडे जनुकं असतात, पण ती उघडून वाचायची सोय त्याच्याकडे नसते. त्यासाठी गाईच्या पेशीतली प्रथिनं लागतात. गाईवर ताण आला की तिच्या अंगात एक संप्रेरक वाढतं. ते पेशीतल्या एका प्रथिनाला चिकटतं, आणि ते प्रथिन जाऊन विषाणूच्या पहिल्या जनुकावर बसतं. पण एकट्याला ते उघडत नाही. शेजारी दुसरं प्रथिन येऊन बसावं लागतं. दोघांनी एकमेकांना धरलं की जनुक उघडतं, आणि झोपलेला उठतो."

"ते दुसरं कुठून येतं?"

"पहिलंच त्याला बोलावून आणतं. संप्रेरक मिळालं की पहिलं प्रथिन पेशीला दुसरं बनवायला लावतं. म्हणून विषाणू लगेच उठत नाही. मध्ये थोडे दिवस जातात."

कात्रीबाई तिच्याकडे बघतच राहिली. हाच तर धाकट्याचा गाजलेला शोध! याच दोन प्रथिनांवर त्याला पारितोषिक मिळालं होतं. त्याची व्याख्यानं तिनं पहिल्या रांगेत बसून ऐकली होती आणि दर वेळी आपलंच डोकं जड म्हणून ती स्वतःला दोष द्यायची. आज मात्र चहा गार व्हायच्या आत सगळं कळलं.

"त्या ताणाच्या संप्रेरकासारखं औषध मिळतं ना?" तिनं विचारलं. "सूज उतरवायला देतात ते."

"मिळतं. कुठल्याही कपाटात असतं."

"बांडीचं वासरू गेलं, ऐकलंत?"

काचवालीचा हात बाटलीवर थांबला. "हो. ती गाभण होती हे मला नंतर कळलं. पोटं तर सगळ्यांचीच मोठी दिसतात."

खुर्ची मागे सारून कात्रीबाई बाहेर आली, आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिला चोर सापडला होता.

५

थोड्या वेळानं ती पुन्हा आत गेली आणि दार लावून घेतलं.

"ऐक," ती म्हणाली. आता अहो-जाहो संपलं होतं. "विषाणू कुणी आणला नाही, उठवला. सूज उतरवायचं औषध लशीच्या बाटल्यांत घातलं. बाटल्यांत विषाणू आहे का एवढंच सगळ्यांनी तपासलं, दुसरं काही आहे का हे कुणी पाहिलं नाही. डोस सगळ्यांना एका दिवशी, म्हणून ताप सगळ्यांना एका दिवशी. ज्या दोघींच्या अंगात जुना विषाणूच नव्हता त्या वाचल्या. दूधही त्या औषधानंच आटलं. आता राहिलं वासरू. दिवस भरत आलेल्या गाईला ते औषध टोचलं की दोन-तीन दिवसांत ती वासरू टाकते. गुरांच्या कुठल्याही डॉक्टरला हे झोपेतून उठवून विचारा. साहेब गुरांचे डॉक्टर. गोठ्याचे डॉक्टर तर आहेतच. माझा भाऊही आधी गुरांचाच डॉक्टर. यांतल्या कुणालाही हे करायचं असतं तर त्यानं बांडीला वगळलं असतं, कारण तिच्यामुळेच बिंग फुटणार होतं. बांडीला औषध जाऊ दिलं अशा माणसानं, ज्याला विषाणू आतून-बाहेरून माहीत आहे आणि गाय अजिबात माहीत नाही. असं माणूस या केंद्रात एकच आहे."

काचवालीनं मान हलवली. ना घाबरली, ना रडली. उठून तिनं शीतकपाटातून एक छोटी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"प्रत्येक खेपेची एक बाटली राखून ठेवायची असते. हीच ती. तपासून घ्या, त्यात औषध सापडेल. मी फेकली नाही."

"का?"

"सापडावी म्हणून."

कात्रीबाईचा हात शिवशिवला. "गाईंनी तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

इथे मात्र काचवालीची नजर खाली गेली. "तांबडी मरेल असं वाटलं नव्हतं. चार दिवस तापतील, उठतील, असं धरलं होतं. वासराचं तर मला ठाऊकच नव्हतं. त्याची शिक्षा मला द्या. पण बाकीचं ऐकून घ्या. ती दोन प्रथिनं मी शोधली. सहा वर्षं या खोलीत, या काचांत. तुमच्या भावानं लेख लिहिला आणि माझं नाव शेवटी आभारात टाकलं. 'पेशी वाढवून दिल्याबद्दल.' मी साहेबांकडे गेले, ते म्हणाले, आपसात मिटवा. भावाकडे गेले, तो म्हणाला, पुढच्या वेळी बघू."

"खोटं बोलतेस."

"मग एवढंच सांगा. गाईवरच्या ताणानं झोपलेला विषाणू उठतो, हा ज्याचा शोध, त्याच्या डोळ्यांदेखत ते घडलं. गाभ पडला, दूध आटलं, सगळ्या एकदम तापल्या. पहिल्याच दिवशी त्यानं ओळखायला हवं होतं की नाही? मी तर वाट बघत होते. तो ओळखेल, माझ्याकडे बोट दाखवेल, आणि मी हात जोडून म्हणेन, हो, शोध तुमचाच. पण तो गमबूट धरून रडत बसला."

कात्रीबाईनं टेबलावरची बाटली उचलून पिशवीत टाकली आणि ती निघाली.

६

घरी धाकटा जेवत होता. बहीण काहीतरी शोधून आलीय हे तिच्या चालीवरूनच त्यानं ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला.

तिनं त्याला सगळं सांगितलं, फक्त काचवालीनं शेवटी जे सांगितलं ते सोडून.

"तीच! मला संशय होताच!" त्यानं ताटावर हात आपटला. "जळते माझ्यावर. ताई, बैठकीत तिला अशी सोल की पुन्हा उभी राहता कामा नये."

"सोलीन. मला जरा समजून सांग, म्हणजे समितीपुढे अडखळायला नको. ते दुसरं प्रथिन कुठून येतं?"

"पेशीतच असतं ना ते."

"आधीपासून?"

"हो... म्हणजे असतंच. तसं गुंतागुंतीचं आहे, ताई. तुला नाही कळायचं."

भावजय वाढायला आली आणि वाढता वाढता थांबली. कात्रीबाई भावाच्या तोंडाकडे बघत होती. हे तोंड तिनं धुतलं होतं, पुसलं होतं, याला घास भरवले होते. खोटं बोलताना तो लहानपणी जसा खालचा ओठ चावायचा तसाच आत्ता चावत होता. तिला इतका संताप आला की पानावर बसवेना. काचवालीवर होता तो संताप कुठेच गेला नव्हता. तो तिथेच होता, फक्त त्याला आता दोन धनी झाले होते.

७

समितीची बैठक साहेबांच्या लांबट खोलीत भरली. बाहेरून आलेले तीन तज्ज्ञ, त्यांचे अध्यक्ष म्हणजे दोन्ही कानांत यंत्रं घातलेले म्हातारे प्राध्यापक. एका बाजूला साहेब आणि गोठ्याचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला धाकटा. काचवाली भिंतीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

कात्रीबाईनं वासराचं यकृत, आटलेलं दूध, एका दिवशी आलेला ताप, सगळं एकामागून एक मांडलं. राखीव बाटलीचा तपासणी अहवाल टेबलावर ठेवला. औषध सापडलं होतं. काचवालीनं जागेवरूनच सांगितलं, "मी घातलं."

"म्हणजे गमबुटाचा काही संबंध नाही?" साहेबांचा आवाज उतरला.

"काडीचाही नाही."

धाकट्यानं सुटकेचा श्वास टाकला. गोठ्याच्या डॉक्टरांनी त्याचा खांदा थोपटला. गोष्ट इथे संपली असती. पण म्हाताऱ्या अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"नवल आहे," ते धाकट्याला म्हणाले. "हे तर हुबेहूब तुमच्या शोधातलं. तुम्हाला कसं नाही सुचलं?"

"मी फार गोंधळलो होतो, सर."

"होतं असं. आता शांत आहात ना? मग फळ्यावर काढून दाखवा. आम्हाला निकालात कारण लिहावं लागेल, आणि ते तुमच्याइतकं नेमकं कोण सांगणार?"

धाकटा उठला. त्यानं खडूनं जनुकाची रेघ काढली, तिच्यावर एक गोल काढला. मग शेजारी दुसरा. "हे पहिलं प्रथिन. हे दुसरं. दोघं मिळून जनुक उघडतात."

"दुसरं येतं कुठून? आणि विषाणू उठायला एवढे दिवस का लागतात?"

खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. धाकट्यानं काचवालीकडे वळून पाहिलं. "तुम्ही सांगा ना पुढचं," तो कसनुसा हसत म्हणाला.

"मी काय सांगणार?" काचवाली म्हणाली. "मी फक्त पेशी वाढवून दिल्या."

मग त्यानं बहिणीकडे पाहिलं. शाळेत तोंडी परीक्षेला खिडकीबाहेर उभ्या असलेल्या ताईकडे तो असाच बघायचा, आणि ती ओठ हलवून उत्तर सांगायची. आज तिला उत्तर येत होतं. एका वाक्याचं तर होतं. पहिलंच दुसऱ्याला बोलावून आणतं, म्हणून दिवस लागतात. ओठ हलवायचीसुद्धा गरज नव्हती, ती मोठ्यानं बोलली असती तरी चाललं असतं. समितीनं मान डोलावली असती, निकाल लागला असता, भावाचं नाव धुतल्या तांदळासारखं झालं असतं, आणि सगळं पाप एकट्या काचवालीच्या पदरात पडलं असतं.

कात्रीबाई उठून उभी राहिली.

"त्याला येत नाही," ती म्हणाली. "तो शोध त्याचा नाहीच. या बाईचा आहे. यानं तो ढापला, साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी आपसात मिटवा म्हणून सांगितलं, आणि हिनं त्याचा सूड मुक्या जनावरांवर काढला. तांबडी आणि बांडीचं वासरू हिनं मारलं, ते मी माफ करणार नाही. पण तिघांचीही नावं लिहून घ्या. एक जरी गाळलंत तर मी बाहेर जाऊन ओरडून सांगेन."

काचवाली भिंतीजवळ बसून रडत होती आणि हसतही होती, आणि ते हसू बघून कात्रीबाईला तिचा गळा धरावासा वाटला. बाईनं आपला सूड पुरता घेतला होता, आणि तो घ्यायला सख्ख्या बहिणीची जीभ वापरली होती.

धाकट्यानं खडू खाली ठेवला. "ताई, आता मी कुठे जाऊ?" त्यानं विचारलं.

"घरी जा आणि बायकोला सांग," ती म्हणाली. "ते तरी मी सांगणार नाही."